खाडीवाल्याचे उत्तर

मी चौथीपर्यंत शिकले. त्यापुढची शाळा लांब होती आणि घरात धाकटी भावंडे होती, म्हणून बंद केली. पण त्या चार वर्षांत अक्षर चांगले झाले. आमच्या मास्तरांचा टिंबावर फार कटाक्ष. टिंब राहिले तर हातावर एक पट्टी, नको तिथे दिले तर दोन. "'त्याचा' आणि 'त्यांचा' यात माणूस बदलतो," ते म्हणायचे. "एका टिंबाने एकाचं शेत दुसऱ्यांच्या नावावर जाईल." पट्ट्या खाऊन खाऊन माझी टिंबाची चूक जी सुटली, ती पुन्हा जन्मात झाली नाही. हे आधी सांगून ठेवते, पुढे लागणार आहे.

या अक्षरामुळे मी सोळा वर्षे कॉमिकांचे फुगे भरले. फुगे म्हणजे चित्रातल्या माणसांच्या तोंडातून निघतात ते, ज्यात त्यांचे बोलणे लिहिलेले असते. चित्रे माझा धाकटा भाऊ काढायचा. तो ठाण्यात दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि कळव्याला खाडीच्या बाजूला एका चाळीत राहायचा. लग्न केले नव्हते. पाटीवरची मोठी अक्षरे तो झकास काढायचा, पण बारीक लिहायला बसला की मुंग्या चालल्यासारखे दिसायचे. म्हणून तो फुग्यांत पेन्सिलीने शब्द लिहून पाने माझ्याकडे डोंबिवलीला पाठवायचा आणि मी निबने त्यावर शाई चढवायचे. स्वयंपाक आटोपला की दुपारी खिडकीखाली पाट मांडून बसायचे.

ऐंशी सालाच्या आधी एक-दोन वर्षे हे सुरू झाले. ठाण्यातल्या एका छापखान्याच्या मालकाला लग्नपत्रिकांच्या हंगामानंतर यंत्र रिकामे ठेवायचे नव्हते. त्याने भावाला सांगितले, पोरांसाठी काहीतरी मारामारीचे काढ. भावाने खाडीवाला काढला.

खाडीवाला पाण्याखाली श्वास घ्यायचा. चिखलाच्या आरपार बघायचा. रेतीने भरलेला पडाव, केवढी मोठी ती होडी, एका हाताने उलटवायचा. चेहऱ्यावर खवल्यांचा मुखवटा. खाडीत रंगीत पाणी सोडणारे, रेतीचोर, मिठागरावरच्या बायकांना लुबाडणारे मुकादम, अशांना तो धरून चिखलात रोवायचा. पोरांना हे फार आवडे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सुट्टीत पुस्तके भाड्याने देणारी जी घरगुती वाचनालये निघायची, तिथे खाडीवाल्यासाठी पोरे नंबर लावायची.

पोरांना सगळ्यात आवडायचे ते एक वाक्य. आमच्याकडच्या गावांत अनोळखी पोर दिसले की म्हातारी माणसे नाव विचारत नाहीत. "कोणाचा रे तू?" असे विचारतात. मग बापाचे नाहीतर घराचे नाव सांगायचे. खाडीवाला लहानपणी चिखलात सापडलेला, त्याला आई ना बाप. पहिल्याच अंकात किनाऱ्यावरची एक म्हातारी त्याला विचारते, "कोणाचा रे तू?" तो उत्तर देत नाही, पाण्यात उडी मारतो. तेव्हापासून दर अंकात कोणीतरी त्याला हे विचारायचे आणि तो दर वेळी उडी मारायचा. आमच्या गल्लीत पोरे एकमेकांना "कोणाचा रे तू?" म्हणायची आणि ओट्यावरून उड्या टाकून गुडघे फोडून घ्यायची. त्यांच्या आया मला शिव्या द्यायच्या. "तुमच्या भावाला सांगा, एकदा काय ते उत्तर देऊन टाक म्हणावं!"

अंक संपायचाही एकाच तऱ्हेने. खाडीवाला काम उरकून पाण्याबाहेर यायचा. तिथे एक नावाडी कोरडा सदरा घेऊन होडीत बसलेला असायचा. खाडीवाला मुखवटा काढायचा, पण आपल्याला त्याची पाठच दिसायची. तोंड फक्त नावाड्याने बघितलेले. सदरा घालायचा आणि दोघे होडीतून निघून जायचे. त्या चित्रात फुगा नसायचा. मला बरे वाटायचे, एक काम कमी.

आता भावाच्या घरातल्या माणसाबद्दल सांगते. त्याच्या खोलीत आणखी एक जण राहायचा. साताऱ्याकडचा होता, डोंबिवलीच्या एमआयडीसीत रसायनाच्या कारखान्यात कामाला. भावाची पाने तोच माझ्याकडे आणायचा आणि चार दिवसांनी भरलेली घेऊन जायचा, पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळून. आमच्या घरात त्याला पाहुणा म्हणत. तो सोळा वर्षे पाहुणाच राहिला. आमचे हे तर दार वाजले की आतूनच ओरडायचे, "बघ गं, तुझ्या भावाचं माणूस आलंय!" आणि स्वतःच हसायचे. तो दारात उभा राहायचा. शाई वाळायची असली तर पायरीवर बसायचा. मी चहा द्यायचे. चहा पिऊन तो मोरीत जाऊन कपबशी स्वतः विसळायचा. पाहुण्याने कपबशी विसळू नये, पण मी कधी नको म्हटले नाही.

कारखान्यात काम करणाऱ्यांच्या अंगाला तेव्हा एक वास यायचा, कितीही धुतला तरी जायचा नाही. याच्या अंगाला यायचा नाही. पिशवीत दुसरा सदरा असायचा, इस्त्री केलेला. माझ्याकडे यायच्या आधी कारखान्याच्या फाटकापाशी बदलून यायचा. एकदा मी कळव्याला गेले होते तेव्हा तो सदरा इस्त्री करताना माझा भाऊ मला दिसला. कॉलर दोन्ही बाजूंनी, बाह्यांची घडी पुन्हा मोडून नीट. या माझ्या भावाने माझ्या लग्नातसुद्धा स्वतःचा सदरा चुरगळलेलाच घातला होता. मी ते बघितले आणि मला कळायचे ते कळले. आता टीव्हीवर बातम्यांत त्याला चांगला शब्द आहे. तेव्हा आमच्याकडे जे शब्द होते ते सगळे शिव्या होते, म्हणून मी कुठलाच वापरला नाही. भावालाही विचारले नाही. खाडीवाल्याच्या होडीतला कोरडा सदरा कुठून आला तेही कळले. त्याबद्दलही काही बोलले नाही.

नव्वदनंतर घराघरांत केबल आली आणि कॉमिके पडून राहू लागली. छापखान्याचा मालक भावाला म्हणाला, आता आटपू या, पण शेवटचा अंक जोरात काढू. खाडीवाल्याचे लग्न लावून टाक, कव्हरवर मुंडावळ्या.

त्याच सुमारास कारखान्यात अपघात झाला. एक टाकी साफ करायला दोन माणसे आत उतरली आणि वाफेने कोसळली. त्यातला एक आमचा पाहुणा. कारखाना डोंबिवलीत, म्हणून निरोप आधी माझ्याकडे आला. भावाला कळवून मी दवाखान्यात गेले. तो धावतच आला, हाताला पाटीचा लाल रंग तसाच. खिडकीतल्या कारकुनाने कागद पुढे ओढला.

"पेशंटचे तुम्ही कोण?"

"आम्ही एकत्र राहतो."

"ते झालं. पण कोण? भाऊ?"

"नाही."

"अहो, इथे नातं लिहायचंय. कोण लिहू?"

भावाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणू शकले असते, भाऊच आहे, लिहा. कारकुनाने लिहिले असते, त्याला काय करायचे होते? मी माझ्या पिशवीचा बंद नीट करत बसले.

"शेजारी," भाऊ म्हणाला.

शेजाऱ्याला आत सोडत नाहीत. तो तीन दिवस बाहेरच्या बाकावर बसून होता. तिसऱ्या दिवशी साताऱ्याहून चुलतभाऊ आले, ते आत गेले, आणि संध्याकाळी त्यांनीच बाहेर येऊन सांगितले की गेला. प्रेत ते गावी घेऊन गेले. जाताना कळव्याच्या खोलीवरून त्याची ट्रंक, घड्याळ आणि सायकल नेली. ट्रंक जड होती. त्यातला एक भावाला म्हणाला, "जरा हात लावता का शेजारी?" भावाने जिन्यावरून ट्रंक खाली उतरवून दिली. कारखान्यातून आलेली त्याची पिशवी मात्र त्यांनी तिथेच टाकली, तिला वास येत होता.

दोन महिन्यांनी भाऊ शेवटच्या अंकाची पाने घेऊन माझ्याकडे आला. सोळा वर्षांत पाने घेऊन तो स्वतः आलेला हा पहिलाच दिवस. पायरीवर बसला नाही, आत येऊन बसला.

"मालकांना लग्न हवंय ना त्याचं?" मी विचारले.

"झालेलंच आहे त्याचं लग्न. सोळा वर्षं झाली."

मी पाने उलटली. रेतीचोरांच्या मारामारीत नावाडी मरतो. खाडीवाला त्याला पाण्यातून काढतो, पण उशीर झालेला असतो. शेवटच्या पानावर खाडीवाला रिकाम्या होडीत बसलाय. मुखवटा बाजूला टाकलाय आणि पहिल्यांदाच त्याचे तोंड आपल्याकडे आहे. मांडीवर कोरडा सदरा. मागे किनाऱ्यावर सगळा गाव उभा. पहिल्या अंकातली ती म्हातारी, आता कमरेत वाकलेली, विचारते, "कोणाचा रे तू?" आणि खाडीवाल्याच्या फुग्यात पेन्सिलीने दोन शब्द. 'मी त्याचा.'

यात न कळण्यासारखे काही नव्हते. खाडीवाला त्या नावाड्याचा होता, बायको नवऱ्याची असते तसा. सोळा वर्षे पोरांनी ज्याच्या नावाने उड्या मारल्या तो वीर एका पुरुषाचा होता आणि ते तो गावासमोर, म्हातारीच्या तोंडावर सांगत होता.

"हे पोरं वाचतात," मी म्हटले.

"पोरांनीच विचारलंय ना इतकी वर्षं? मग त्यांना सांगायला नको?"

"पोरांच्या आया वाचतील."

"वाचू देत."

"अरे, इथे माझ्या पोरीचं जमतंय. कल्याणची माणसं आहेत. रविवारी याद्या करायला येणार."

"पुस्तकावर तुझं नाव कुठे असतं?"

"तुझं असतं ना! आणि तू तिचा सख्खा मामा. लग्नात तिच्या पाठीशी कोण उभा राहणार? उद्या त्यांनी विचारलं, मामा कसला आहे, तर मी काय सांगू?"

त्याने पान माझ्यापुढे सरकवले. मग म्हणाला, "ताई, बाकी सगळं तुला हवं ते कर. नावाडी मारामारीत मेलेला नको असेल तर बुडाला म्हणून लिही. म्हातारीचं वाक्य बदल. पण हा एक फुगा जसाच्या तसा भर. त्या खिडकीपाशी माझ्या तोंडून येईना. इथे तरी येऊ दे."

मी म्हटले, "ठेवून जा."

याद्यांच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी शेवटचे पान घेतले. घरात फराळाचा पसारा होता, मुलगी साडीला पिको करायला गेली होती. म्हातारीचा फुगा भरला. मग 'मी'. मग 'त्याचा'. शाई ओली होती. टिंब द्यायला काही लागत नाही, निब टेकवली की झाले. मी टेकवली. 'मी त्यांचा.' मागे किनाऱ्यावर सगळा गाव उभाच होता. वाचणाऱ्याला वाटेल, तो त्या लोकांचा. टिंब चांगले गोल आले. पाने या वेळी छापखान्याचा कामगार माझ्याकडून परस्पर घेऊन गेला.

मालकाने मला काही सांगितले नव्हते. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी त्याच्यावरच ढकलले. त्याने तर पान बघून टाळ्या वाजवल्या म्हणे. लग्न नाही तर नाही, पण वाक्य काय आहे! खाडीवाला लोकांचा, जनतेचा! त्याने ते उचलून थेट कव्हरवर घातले, लाल अक्षरांत, माझ्या टिंबाचा लाडवाएवढा ठिपका करून. 'अखेर उत्तर मिळाले! मी त्यांचा!' शाळेच्या एका मास्तरांनी छापखान्याला पत्र पाठवले की असे आदर्श मुलांपुढे हवेत.

अंक निघाला त्या दिवशी भाऊ आला. पुस्तक पाटावर ठेवले.

"टिंब कुठून आलं?"

छापायच्या आधी पानाचा फोटो काढतात. काचेवर धुळीचा कण असला की कागदावर ठिपका उमटतो. असे ठिपके आधीही आले होते, एकदा तर खाडीवाल्याच्या नाकावर तीळ आला होता. मी म्हटले, "काचेवर काही बसलं असेल. छापखान्यात झालं असेल."

"बरोबर तिथेच?"

"मला काय माहीत?"

तो उठला आणि ठाण्याला गेला. छापखान्यात मालकाशी भांडला. कामगारांसमोर ओरडला की टिंब नव्हते, 'त्याचा' होते. मालकाने विचारले, "त्याचा? कोणाचा?" आणि माझ्या भावाने सांगितले. खाडीवाल्याचे सांगितले, आणि मालक हसला तेव्हा स्वतःचेही सांगितले. खिडकीपाशी जे आले नव्हते ते तिथे आले. मालकाने मूळ पाने त्याच्या अंगावर फेकली आणि त्याला बाहेर काढले. ठाण्यातली पाट्यांची निम्मी कामे त्या मालकाच्या ओळखीने यायची, ती बंद झाली. हे सगळे मला छापखान्यातल्या जुन्या कामगाराने भाजी मार्केटात भेटल्यावर सांगितले. भावाने एक शब्द सांगितला नाही. मूळ पाने त्याच्या अंगावर फेकली हे ऐकले आणि मी भाजी न घेताच घरी आले. फोटोतला ठिपका मूळ पानावर नसतो. मूळ पानावर फक्त शाई असते.

आमच्या गल्लीत एक कोळीण यायची, खाडीची मासळी घेऊन. तिला वाचता येत नसे, पण खाडीवाला म्हणजे जणू तिच्या गावचाच माणूस. तिची सून तिला प्रत्येक अंक वाचून दाखवायची आणि चित्रे ती स्वतः बघायची. लग्नाच्या आधी एकदा टोपली उतरवून बसली आणि म्हणाली, "काय गो बाय, तुजा खाडीवाला नावाड्याची बायको निगाला की!"

माझ्या हातातला बोंबील खाली पडला. "काहीतरीच काय? लोकांचा म्हणतोय तो. गावाचा."

"गावाचा कशाला? गावाची मानसं पाठी उबी हायेत, हा त्यांच्याकडं बगतोय तरी का? सदऱ्याकडं बगतोय. आनि बसलाय कसा बग. नवरा गेलेली बाय बसते तसा." मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "'त्यांचा' बोलला ना? मंग? आमी बी नवऱ्याला तसंच बोलतो. तू तुज्या मालकाला काय बोलतेस, तो? आमचे ते, आमच्या त्यांनी, असंच ना? नवऱ्याचा नाव घेते का कोन?"

मी पडलेला बोंबील उचलला.

"आमच्या सुनंला नाय कळला. पोरींना काय कळतं? मी तिला समजावलं." ती हसली आणि मग हसायची थांबली. "चांगला व्हता नावाडी. सुका सदरा घेऊन बसायचा. आमच्या मेल्यानं कदी टॉवेल दिला नाय. तुज्या भावाला सांग, बरोबर लिवलाय म्हनावं. टिकली लावली ती बी बरोबर."

टिंबाला ती टिकली म्हणाली. सुनेने बोट ठेवून दाखवले असेल.

मी लपवायला जे टिंब दिले होते त्यानेच ते त्या बाईला उघडे करून दाखवले होते. मास्तरांनी शेतांचे शिकवले, पण बायका नवऱ्याला टिंब देऊन बोलतात हे त्यांनी सांगितले नव्हते आणि मी रोज तसे बोलत असूनही माझ्या ध्यानात आले नाही. एका तरी माणसाने खाडीवाल्याचे उत्तर ऐकले होते आणि बरोबर आहे म्हटले होते. हा निरोप भावाला सांगायचा तर टिंबाचे बोलणे निघाले असते. मी दिले, हे म्हणावे लागले असते. मी ठरवले, पोरीचे लग्न होऊ दे, मग बघू.

लग्नाच्या दोन दिवस आधी तो आला. मांडवाच्या दारावर लावायचे कापड त्याने रंगवायला घेतले होते. आमच्या ओट्यावर कापड पसरून त्याने मोठ्या अक्षरांत 'मंगल कार्य' लिहिले. सगळे झाल्यावर मला हाक मारली. मी हात पुसत बाहेर आले. 'म'वरचे टिंब तेवढे राहिले होते. त्याने ब्रश माझ्यापुढे धरला.

"टिंब तू दे, ताई."

"तूच दे ना. माझे हात पिठाचे आहेत."

"नाही. तुझ्याकडून चुकत नाही."

मी टिंब दिले. त्याने मान तिरपी करून बघितले आणि "छान आलं" म्हणाला. मग ब्रश रॉकेलात बुडवून धुवायला लागला. त्या क्षणी मी सांगायला हवे होते. टिंबाचे तर त्याला कळलेलेच होते, आता सांगायचा राहिला होता तो फक्त कोळणीचा निरोप. आतून कोणीतरी मला ओरडून डाळीचा डबा विचारला आणि मी आत गेले.

लग्नात तो मुलीच्या पाठीशी मामा म्हणून उभा राहिला. सदरा चुरगळलेला. जेवताना व्याही त्याला म्हणाले, "तुमचा खाडीवाला शेवटी जनतेचा निघाला, वा! आमचा पुतण्या वेडा आहे त्याचा." भाऊ म्हणाला, "हो." वाढणाऱ्याने जिलबी आणली, त्याने पानावर हात आडवा धरला.

त्यानंतर तो पाच वर्षे जगला. पाट्यांची कामे गेली होती, पुढे तर प्लास्टिकच्या छापील पाट्या आल्या आणि उरलेली कामेही गेली. गाड्यांचे नंबर रंगवायचा. माझ्याकडे दिवाळीला यायचा, भाऊबीज घालायचा, जेवून जायचा. चांगले बोलायचा. मी दर वर्षी ठरवायचे की या वेळी सांगू. ओवाळताना तोंड समोर असते, तेव्हा तर नाहीच जमायचे.

त्याच्या छातीत पाणी झाले. कळव्याच्या दवाखान्यात खिडकीतल्या बाईने विचारले, "पेशंटच्या तुम्ही कोण?"

"बहीण."

"सही करा."

एवढेच. मला लगेच आत सोडले. तो शुद्धीवर नव्हता. मी खाटेजवळ बसून कोळणीचा निरोप सांगितला. बाजूच्या खाटेजवळ बसलेल्या बाईने मान वर करून बघितले, याने डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेला. ऐकू आले असेल असे लोक मला सांगतात. मला तसे वाटत नाही.

बाराव्यानंतर खोली आवरायला गेले. कारखान्यातली ती पिशवी खिळ्याला टांगलेली होती. आत पाहुण्याचा सदरा, इस्त्री केलेला, घडीवर पिवळा पडलेला. तो सदरा भावाच्या अंगावर घालून पाठवता आला असता, पण पिशवी अजून आहे हे मला तेव्हा माहीत नव्हते आणि आता जाळून झाले होते. घरी आणून मी तो दोनदा धुतला. वास गेला नाही.

खाटेखाली पत्र्याचे नळकांडे होते. सोळा वर्षांच्या पानांतले त्याने एकच ठेवले होते, शेवटचे. फुग्यातले चुकलेले अक्षर तो नेहमी पांढऱ्या रंगाने झाकायचा, ते त्याला चुटकीसरशी जमायचे. इथे त्याने रंग लावला नव्हता, ब्लेड घेतले होते. टिंब खरवडून काढले होते आणि टिंब गेल्यावरही खरवडतच राहिला होता. त्या जागी कागदाला आरपार भोक आहे, नखाएवढे. 'मी त्याचा' स्वच्छ वाचता येते.

पान माझ्या ट्रंकेत आहे. भोकाला मागून कागद चिकटवावा म्हणून एकदा खळ केली होती. मग चिकटवला नाही, खळ फेकून दिली.